लाकडी कॅमेऱ्यांचा एक संग्रह

छायाचित्रणाचा इतिहास प्रायः चित्रांवरून लिहिला जातो. ती ज्या यंत्रांनी घेतली, त्यांचा विचार क्वचितच होतो. १८३९ साली पॅरिस येथे आल्फोन्स झिरू याने विक्रीस आणलेल्या कॅमेऱ्यात एक लाकडी पेटी दुसरीत सरकवून प्रतिमा स्पष्ट करीत असत. १८८८ साली ईस्टमनने गुंडाळीचा कोडॅक कॅमेरा आणला आणि हौशी लोकांच्या हातून मोठे लाकडी कॅमेरे हळूहळू सुटले. गॅब्रिएल क्रोमेर या फ्रेंच संग्राहकाने असे जुने कॅमेरे, दागेरच्या पद्धतीची चित्रे व तद्विषयक ग्रंथ एकत्र जमविले. त्यांचे राष्ट्रीय संग्रहालय फ्रान्समध्ये व्हावे, ही त्याची इच्छा १९३४ साली त्याच्या मृत्यूपर्यंत अपुरीच राहिली. १९३९ साली ईस्टमन कोडॅक कंपनीनेच तो संग्रह विकत घेतला. पुढे तो अमेरिकेत रॉचेस्टर येथे १९४९ साली उघडलेल्या संग्रहालयात गेला. फ्रान्सची हानी झाली, हे निर्विवाद. तथापि यंत्र, चित्र आणि ग्रंथ यांची फाटाफूट टळली, हा इतिहासाचा लाभ होय. दुर्मिळ वस्तूचा धनी बदलला तरी तिची साक्ष टिकते. संदर्भ तुटला, की कॅमेरा ही केवळ शोभेची पेटी उरते.