समुद्रातली दुबार पेरणी

अकोल्याहून रात्रीची गाडी धरली तरी मुंबईचा समुद्र दिसायला सकाळ होते. मग समुद्रातल्या अळ्यांचा इतिहास आपण काऊन ऐकायचा? कारण त्यांचं दुखणं वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला लगेच कळेल.

शिंपले, खेकडे, सी अर्चिन यांची पिल्लं सुरुवातीला डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढी असतात आणि प्रवाहाबरोबर वाहत जातात. त्यांना ऊर्जा मिळते दोन ठिकाणांहून: आईनं अंड्यात भरून दिलेला डबा, नाहीतर वाटेत सापडणारं सूक्ष्म शैवाल.

१९५० साली डेन्मार्कच्या गुन्नार थोर्सन यांनी याचा नकाशाच मांडला. उष्ण समुद्रात बहुतेक अळ्या वाटेत खातात. ध्रुवाकडे शैवालाचा हंगाम तोकडा, म्हणून तिथे अंडी कमी, पण डबा भरलेला. पुढे याला अपवादही सापडले. अंटार्क्टिकातल्या एका सी अर्चिनची अळी वाटेतच खाते, पण थंडीमुळे तिचा खर्च इतका कमी की ती महिनोन्‌महिने तग धरते.

आणि आपल्याकडे? १९६०च्या दशकात अनेक देशांच्या जहाजांनी हिंदी महासागर पिंजून काढला. जाळ्यात आलेले सूक्ष्मजीव कोचीत निवडले गेले. याच मोहिमेतून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. तिचं मुख्यालय गोव्यात, डोना पावलाला.

तिथल्या ए. सी. अनिल आणि सहकाऱ्यांनी बार्नकलचा अभ्यास केला. बार्नकल म्हणजे खडकांना, नावांच्या बुडाला चिकटणारा कवचाचा प्राणी. त्याची अळी खात खात सहा वेळा कात टाकते. त्यानंतरची अळी काहीच खात नाही. साठवलेल्या चरबीवर जागा शोधते. सरकीतून वर आलेला कोंब पानं फुटेपर्यंत बियातल्याच साठ्यावर जगतो ना, तसंच. २००१ मध्ये त्यांनी तापमान आणि अन्न कमी-जास्त करून ही वाढ मोजली.

२००५ चा त्यांचा निष्कर्ष ऐका. पावसाळ्यात उघडीप पडली की शैवाल वाढतं आणि अळ्या बाहेर पडतात. पण त्या जगत नाहीत, खडकावर नवी पिढी बसत नाही. मृगात पेरलं, कोंब आले आणि पाऊस दडून बसला, तर आपल्याकडे काय होतं? इथे फक्त पाऊस उलटा वागतो.

समुद्र तापतोय. गरम पाण्यात अळी भराभर वाढते, पण तिची भूकही वाढते. शैवाल वेळेवर आलं नाही, तर गेली पिढी. आपण उसनवारी करून दुबार पेरतो. त्या अळीला दुसरं बियाणं कोण देणार?

विचार करा, मंडळी. पुढच्या भागात भेटू.