खेचराच्या पाठीवरील रुग्णालय

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हें नांव १९४६ सालच्या चित्रपटामुळें घरोघर ठाऊक झालें. सोलापूरचा हा तरुण चीनला गेला, तेथेंच विवाह करून तेथेंच निवर्तला, येवढी कथा सर्वांस पाठ असते. परंतु हा गृहस्थ तेथें नेमकें करीत काय होता, हा प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

जखमी शिपायानें वैद्याकडे यावें, ही सैन्यांची जुनी रीत. पोटांत गोळी बसलेला मनुष्य डोंगरवाटांनीं दोन-दोन दिवस वाहून आणला, म्हणजे निष्णात हातांसही करण्यासारखें फारसें उरत नाहीं. तोंवर जखम सडलेली असते. १९३८ सालीं उत्तर चीनमध्यें आठव्या मार्ग सेनेंत दाखल झालेले कॅनडाचे शस्त्रवैद्य नॉर्मन बेथ्यून यांचा आग्रह याच्या नेमका उलट होता: वैद्यानेंच जखमीकडे गेलें पाहिजे. पण जावें कसें? त्या मुलुखांत मोटारीचा रस्ता कुठला! तेव्हां त्यांनीं खेचरावर लादतां येईल असा, पुलाच्या आकाराचा एक लांकडी सांगाडा करविला. शंभर शस्त्रक्रिया व पांचशें मलमपट्ट्या यांस पुरेल इतकें साहित्य त्यांत मावे. एप्रिल १९३९ मध्यें चीहुईच्या लढाईंत आघाडीलगतच्या खेड्यांतील एका लहानशा देवळांत त्यांच्या तुकडीनें ६९ तासांत ११५ शस्त्रक्रिया केल्या. लोक हे आंकडे सांगतात. आम्हांस मात्र त्या देवळाची जागाच अधिक बोलकी वाटते. पुढें शस्त्रक्रिया करतांना कापलेलें बोट दूषित होऊन त्याच नोव्हेंबरांत बेथ्यून वारले.

कोटणीस त्यांच्या मागून त्या डोंगरांत आले. काँग्रेसनें १९३८ सालीं पाठविलेल्या पांच डॉक्टरांपैकीं ते एक, नागपूरचे डॉ. चोळकर हेही त्यांत होते. १९४० च्या ‘शंभर पलटणीं’च्या मोहिमेंत कोटणीसांच्या पथकाकडे तेरा दिवसांत ८०० हून अधिक जखमी आले, व त्यांपैकीं ५५८ जणांवर शस्त्रक्रिया झाल्या. १९४१ सालीं बेथ्यून यांच्या नांवानें चालणाऱ्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. रुग्णालय म्हणतांच इमारत डोळ्यांपुढें येते. हें मात्र शत्रूची चाल पाहून गांवें बदलणारें होतें, आणि विद्यालयही त्याच्याबरोबर फिरे. कोटणीस चिनी भाषेंत शिकवीत, विद्यार्थ्यांसाठीं पाठ्यपुस्तकें लिहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजीं अपस्माराच्या झटक्यानें त्यांचें निधन झालें, तेव्हां त्यांचें वय ३२ होतें. शस्त्रक्रियेवरील त्यांचें दुसरें पुस्तक अर्धेंच लिहून झालें होतें.