सुशी, गार्डीना आणि १९ फेब्रुवारी

मागच्या हिवाळ्यात लेकीकडे टॉरन्सला होते. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला पसरत गेलेलं हे उपनगर. समुद्र जवळ, पण ऊन तेवढंच कडक. एका दुपारी लेक म्हणाली, "आई, आज स्वयंपाक नको. सुशी खायला जाऊ."

माझ्या पोटात गोळा आला. मी रत्नागिरीकडची, माशांवर वाढलेली. पण आमच्याकडे मासा कच्चा खाते ती फक्त मांजर! शिवाय वार सोमवार. तीच सबब पुढे केली. लेक हसली. "बिनमाशाचीही असते गं. चल तर."

मला वाटलं, चांगलं जपानी खाणं म्हणजे शहराच्या मध्यावर, उंच इमारतीत, पांढऱ्या कापडाच्या टेबलांवर. गाडी मात्र निघाली उलट्या दिशेला, शेजारच्या गार्डीना गावात. रस्त्याकडेला बैठ्या दुकानांची एक ओळ. लाँड्री, दातांचा दवाखाना, किल्ल्या बनवणारा आणि त्यांच्यामध्ये हे छोटंसं दुकान. चार टेबलं, काउंटर, भिंतीवर जपानी अक्षरांतलं कॅलेंडर. पण बाहेर माणसं उभी होती, आणि त्यातली निम्मी म्हातारी. खाण्याच्या दुकानाबाहेर म्हातारी माणसं उभी दिसली की खुशाल आत जावं, हा माझा जुना अनुभव आहे. तरुण मंडळी नवेपणासाठी येतात, म्हातारी चवीसाठी.

त्या दिवशी मी इनारी खाल्ली. सोयाबीनच्या दुधाचं पनीर म्हणजे तोफू. त्याच्या तळलेल्या पिशवीत गोडसर-आंबट भात भरलेला. इतकी आवडली की तीन खाल्ल्या. घरी आल्यावर जावईबापूंनी हळूच सांगितलं, की ती पिशवी सहसा सुक्या माशाच्या पाण्यात शिजवतात. म्हणजे सोमवार गेलाच! मग संकोच कशाला, म्हणून बुधवारी पुन्हा गेले आणि मासे खाल्ले.

खाता खाता कळलं, की सुशी म्हणजे कच्चा मासा हा आपला गैरसमज आहे. सुशीचा जीव भातात असतो. फार पूर्वी मासा टिकवायला तो मीठ लावून भातात मुरवत. महिनोन्महिने ठेवून मग मासा खायचा आणि आंबलेला भात टाकून द्यायचा. जपानात बिवा तलावाकाठी अजून तसा मासा करतात. पुढे लोक भातही खाऊ लागले, आणि आंबायची वाट बघण्याऐवजी भाताला व्हिनेगर लावू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, भाताचा मुटका वळून वर माशाचा तुकडा ठेवायची पद्धत रुळली. हानाया योहेई या माणसाचं नाव त्यासाठी घेतात. गाडीवर उभ्या उभ्या खायचा पदार्थ, आपल्या वडापावासारखा. तेव्हा बर्फ नव्हता. त्यामुळे मासा बहुतेक वेळा मिठात, व्हिनेगरात किंवा सोया सॉसमध्ये मुरवलेला असे, नाहीतर शिजवलेला.

मला सगळ्यात आवडली ती साबा. आपल्या बांगड्याच्याच कुळातला मासा, आधी मीठ लावून, मग व्हिनेगरात ठेवलेला. डोळे मिटून खाल्ला असता तर शेजारच्या घरून आलाय म्हटलं असतं.

आता मूळ प्रश्न. इतकं चांगलं जपानी खाणं या आडबाजूच्या उपनगरात का? जावईबापूंचं उत्तर तयार होतं. मोटार कंपन्या! ते अर्धं खरं आहे. टोयोटाचं अमेरिकेतलं मुख्यालय कित्येक वर्षं टॉरन्समध्ये होतं, ते २०१७ मध्ये टेक्सासला गेलं. निस्सानचं गार्डीनात होतं, ते २००६ मध्ये टेनेसीला गेलं. जपानहून चार-पाच वर्षांसाठी येणारे साहेब आणि त्यांची कुटुंबं इथे राहिली, आणि त्यांच्यासाठी दुकानं निघाली.

पण मग त्या कंपन्या तरी इथेच का आल्या? आणि बाहेर उभी असलेली म्हातारी माणसं काही मोटार कंपनीतली दिसत नव्हती.

उत्तर मिळालं तिसऱ्या खेपेला. शेजारच्या टेबलावर एक आजोबा बसले होते, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे. माझं इंग्रजी मराठी माध्यमातलं, त्यांचं अस्सल अमेरिकन. तरी जमलं. बोलता बोलता मी आपल्या सवयीने विचारलं, "तुमचं गाव कोणतं?"

ते थोडे थांबले. म्हणाले, "वडिलांचं जपानात वाकायामा. माझं मॅन्झनार."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मला काही कळलं नाही. इतकी वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण हे नाव ऐकलं नव्हतं. त्यानंतरचे पंधरा दिवस मी इथल्या सार्वजनिक वाचनालयात काढले. जे कळलं ते माझ्या समजुतीप्रमाणे सांगते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानी माणसं इथे शेतीवर आली. गार्डीनाच्या परिसरात त्यांनी स्ट्रॉबेरी पिकवली. पण १९१३ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला, की जे परदेशी 'नागरिक होण्यास अपात्र' आहेत त्यांना शेतजमीन विकत घेता येणार नाही, आणि खंडाने घेतली तर तीन वर्षांपुरतीच. कायद्यात जपानी हा शब्द नव्हता. कायदे करणारे हुशार असतात! पण तेव्हा अमेरिकेचं नागरिक होता येत होतं ते गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना. आशियातल्यांना नाही. म्हणून या माणसांनी खंडाने जमिनी कसल्या, नाहीतर इथे जन्मलेल्या, आणि म्हणून जन्माने नागरिक असलेल्या, लेकरांच्या नावावर घेतल्या.

इथून जवळच बंदरात टर्मिनल आयलंड नावाचं बेट आहे. तिथे सुमारे तीन हजार जपानी माणसांची कोळी वस्ती होती. पुरुष कुपा आणि सार्डिन पकडत, बायका डबाबंद करण्याच्या कारखान्यांत राबत. मासळीची बोट आली की कारखान्याचा भोंगा वाजे, आणि बायका रात्री-अपरात्री कामाला धावत. हे वाचताना मला आमच्या मिरकरवाड्याचा धक्का दिसत होता.

७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ वर सही केली. पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या माणसांना उचलून छावण्यांत नेण्यात आलं. सुमारे १,२०,००० माणसं. त्यातली दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक! हातात मावेल तेवढंच सामान न्यायचं. टर्मिनल आयलंडच्या लोकांना तर घरं सोडायला फक्त ४८ तास दिले. होड्या, जाळी, भांडी मिळेल त्या भावाला विकली. नंतर ती सगळी वस्ती जमीनदोस्त केली गेली. स्ट्रॉबेरी तोडणीला आली होती, ती शेतात सोडून माणसं निघाली. पक्क्या छावण्या तयार होईपर्यंत सांता अनिताच्या रेसकोर्सवर घोड्यांच्या तबेल्यांतही माणसं ठेवली.

अशा दहा छावण्या. मॅन्झनार त्यातली एक, इथून उत्तरेला सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी वाळवंटी माळावर. काटेरी तार, पहाऱ्याचे मनोरे, दहा हजार माणसं. आजोबा तिथे १९४३ मध्ये जन्मले.

जेवणाचा एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. जीन वाकात्सुकी ह्यूस्टन यांचं 'फेअरवेल टू मॅन्झनार' हे १९७३ मधलं पुस्तक आहे. त्यात लहानपणीची आठवण आहे. छावणीतल्या पहिल्या जेवणात भातावर डब्यातले साखरेच्या पाकातले जर्दाळू वाढले. देणाऱ्यांना वाटलं असेल, गोडधोड दिलं. आपल्याला नारळीभात, साखरभात ठाऊक आहे, आपण कदाचित खाल्लाही असता. पण जपानी माणसाला जेवणातला भात असा गोड चालत नाही. तुम्ही कोण, काय खाता, हे समोरच्याला विचारावंसंही वाटत नाही, यासारखा परकेपणा नाही.

पण माणसं गप्प बसली नाहीत. मॅन्झनारमध्ये त्यांनी भाज्या पिकवल्या, तोफू करायला सुरुवात केली, सोया सॉस बनवला. तारेच्या कुंपणाआड स्वतःची चव परत मिळवली.

युद्ध संपल्यावर २५ डॉलर आणि गाडीचं तिकीट देऊन सोडलं. जायचं कुठे? अनेक वस्त्यांमध्ये घरांच्या खरेदीखतातच अट असे, की गोऱ्यांखेरीज कुणाला विकायचं नाही. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अशा अटी न्यायालयं अमलात आणणार नाहीत. पण मनातल्या अटी खरेदीखतात थोड्याच असतात! मग जिथे आपली माणसं आधीपासून होती, तिथे लोक आले. गार्डीना त्यातलं. शेती गेली होती, म्हणून कित्येकांनी गवत कापायचं यंत्र घेतलं आणि दुसऱ्यांच्या बागा राखल्या. आजोबांच्या वडिलांनी होडी गमावली ती कायमची. ते माळी झाले. आठवडाभर परक्यांच्या अंगणात खपायचं आणि रविवारी घरी आईच्या हातची साबा. आजोबा म्हणाले, "वडील मासे पकडायचे थांबले, पण मासे पारखायचे थांबले नाहीत."

अशा गिऱ्हाईकांसाठी ही दुकानं निघाली. वाईट मासा ठेवून चालणारच नव्हतं. पुढे मोटार कंपन्या आल्या तेव्हा साहेबांना तांदूळ, मिसो, जपानी बोलणारा डॉक्टर, सगळं इथे आधीच होतं. जावईबापूंचं उत्तर दुसऱ्या पिढीपासून सुरू होत होतं, एवढंच.

तांदळाचीही अशीच गोष्ट. लेकीच्या घरी कोकुहो रोझ नावाच्या तांदळाची पिशवी आहे. तो विकसित करणारं कोदा कुटुंब कॅलिफोर्नियात भातशेतीत नावाजलेलं होतं. त्यांनाही छावणीत नेलं. परत आले तेव्हा बरीचशी जमीन आणि यंत्रं दुसऱ्यांच्या हातात गेली होती. त्यांनी पुन्हा पेरणी केली, आणि १९६० च्या दशकात हा तांदूळ बाजारात आणला.

आता आपल्याशी संबंध असलेली गोष्ट. 'नागरिक होण्यास अपात्र' यांत आपण भारतीयही होतो! ताकाओ ओझावा या जपानी माणसाने नागरिकत्वासाठी दावा केला. घरात इंग्रजी बोलणारा, इथे शिकलेला. नोव्हेंबर १९२२ मध्ये न्यायालयाने सांगितलं, तू कॉकेशियन वंशाचा नाहीस, म्हणून गोरा नाहीस. मग अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेले भगतसिंग थिंद म्हणाले, भारतीय तर शास्त्रज्ञांच्या मते कॉकेशियनच. तीनच महिन्यांनी तेच न्यायालय म्हणालं, शास्त्र राहू दे, सामान्य माणूस तुला गोरा समजत नाही! थिंद यांचे वकील होते लॉस एंजेलिसचे सखाराम गणेश पंडित. नाव वाचून एकदम आपल्याच आळीतलं वाटलं. या निकालानंतर सरकार पंडितांचं स्वतःचं नागरिकत्वही काढून घ्यायला निघालं. ते १९२७ पर्यंत लढले आणि जिंकले. भारतीयांना नागरिक होण्याची वाट १९४६ मध्ये उघडली, जपान्यांना १९५२ मध्ये.

थिंद यांच्या निकालाची तारीख माहीत आहे? १९ फेब्रुवारी १९२३. रूझवेल्ट यांची सहीसुद्धा १९ फेब्रुवारीचीच. जपानी-अमेरिकन लोक तो दिवस स्मरणदिन म्हणून पाळतात. आपल्याकडे त्या दिवशी शिवजयंती. लेझीम, पोवाडे, पेढे. शाळेत मी कितीतरी वर्षं मुलांची भाषणं बसवली त्या तारखेला. दुसऱ्या कुणाच्या घरी ती तारीख कशी उगवते, हे मला पंच्याहत्तरी जवळ आल्यावर कळलं.

लेकीने दोन वर्षांपूर्वी अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली. तेव्हा मला मनातून वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. फोनवर तुटक बोलले होते मी. आता वाटतं, तो कागद तिला सहज मिळाला असला तरी स्वस्त नव्हता. त्याची किंमत कुणीतरी आधीच मोजून ठेवली होती. आणि १९४२ मध्ये तसाच कागद हातात असलेल्यांनाही तो कामाला आला नाही, हेही आता ठाऊक आहे. १९८८ मध्ये सरकारने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. आजोबांना मिळाले. त्यांच्या वडिलांना नाही, ते आधीच गेले होते.

निघण्याआधी शेवटचं दुकानात गेले तेव्हा आजोबांसाठी ओल्या नारळाच्या करंज्या नेल्या. त्यांनी एक तिथेच खाल्ली, बाकीच्या रुमालात बांधून ठेवल्या. मला म्हणाले, "आता तुम्ही सांगा, तुमचं गाव कोणतं?"

मी रत्नागिरी सांगितलं. लेकीने टॉरन्स सांगितलं. तिने ते इतक्या सहज सांगितलं, की या वेळी मला काही टोचलं नाही.

'पर्ल हार्बरवरील हल्ल्यामुळे अमेरिका महायुद्धात उतरली.' हे एक वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं, मुलांनी वहीत उतरवलं, आणि आम्ही पुढच्या धड्याकडे वळलो. आता वर्ग नाही, फळा नाही. म्हणून त्याच्या खालची राहिलेली वाक्यं इथे लिहिली.