नम्रता आणि लाचारी

अपमान सोसणाऱ्या मनुष्यास आपण सोयीप्रमाणे दोन नावे देतो. तो आपल्या पक्षाचा असला तर साधू, आणि परपक्षाचा असला तर लाचार. वस्तुतः नम्रता व लाचारी ह्यांतील भेद पक्षावर नव्हे, तर मनुष्य कोणापुढे, कशासाठी आणि कोठपर्यंत वाकतो ह्यावर ठरावयास हवा. ह्या कसोटीला लावून पाहावे असे एक चरित्र आपल्या अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, इतिहासात आहे. ते कवी नारायण वामन टिळकांचे.

ह्या जिल्ह्याला ही गोष्ट नवीन नव्हती. शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 मध्ये, प्रवरेच्या काठी नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्याला समाजाने संन्याशाचे पोर म्हणून दूर लोटले, त्याने ग्रंथाच्या शेवटी स्वतःसाठी न्याय मागितला नाही. दुष्टांचा दुष्टपणा जावा, दुष्टांचा नाश होऊ नये, एवढेच मागितले. तेव्हा शत्रूसाठी प्रार्थना करा ही ख्रिस्ताची शिकवण पुढे सहाशे वर्षांनी नगरच्या रस्त्यांवर ऐकू आली, ती येथील मातीला अगदीच परकी होती असे आम्हांस वाटत नाही. परके वाटले ते तिचे वाहन. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली नगरास ठाणे मांडले, 1842 साली 'ज्ञानोदय' पत्र येथूनच सुरू केले, शाळा काढल्या. परंतु परक्या सत्तेच्या छत्राखाली आलेल्या धर्माकडे सामान्य मनुष्य संशयाने पाहत असे, आणि जो त्या धर्मात जाई त्याच्याकडे तिरस्काराने.

टिळक 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले. कोकणातील करजगावी 1861 साली जन्मलेला हा चित्पावन ब्राह्मण, कवी म्हणून नाव होऊ लागलेला, एका दिवसात आप्तांस व जातीस मेल्यासारखा झाला. पत्नी लक्ष्मीबाई नातलगांच्या आश्रयास राहिल्या आणि सुमारे पाच वर्षे पतिपत्नींचा संसार तुटल्यासारखाच होता. धर्मांतर केलेल्या पुरुषाची पत्नी त्याजकडे येण्यास नाकारील तर न्यायालयाकडून विवाह मोडून घेण्याची सोय 1866 च्या कायद्याने केली होती. टिळकांनी तिचा उपयोग केला नाही. ते वाट पाहत राहिले.

लक्ष्मीबाई पुढे नगरास आल्या, त्या आपले सोवळे बरोबर घेऊन. नवऱ्याच्या घरचे पाणी त्यांस चालत नसे. आता विचार करा : ज्या पुरुषाने जातिभेद टाकण्यासाठी सर्वस्व गमावले, त्याच्याच पत्नीने त्यास विटाळ मानावा, ह्याहून जिव्हारी लागणारा अपमान कोणता? बाहेरच्यांचे शिव्याशाप मनुष्य मानाने मिरवू शकतो; घरातला विटाळ मिरवता येत नाही. टिळक स्वभावाने शांत मुळीच नव्हते. त्यांचा तापटपणा आणि लहरीपणा लक्ष्मीबाईंनीच आपल्या 'स्मृतिचित्रां'त हसत हसत, पण काही न लपवता सांगितला आहे. अशा मनुष्याने बायकोच्या सोवळ्याची वेगळी व्यवस्था लावून द्यावी आणि धर्मासाठी तिजवर सक्ती करू नये, ह्याला आम्ही नम्रता म्हणतो. ती जन्मजात मऊपणातून आली नव्हती. रोज कष्टाने कमावावी लागत होती. पुढे राहुरीस लक्ष्मीबाईंच्या मनात आपण होऊन विचार आला की जाती देवाने केलेल्या नव्हेत, मनुष्यांनी केलेल्या आहेत. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच सुमारास छप्पन्नच्या दुष्काळात ह्या दांपत्याने अनाथ मुले घरात घेतली, तेव्हा त्यांची जात कोणी विचारली नाही.

येथवर टिळक वाकले. परंतु कसोटीचा दुसरा भाग राहतो : ते कोठे वाकले नाहीत? ज्यांनी अव्हेरले त्यांच्यापुढे नम्र राहून, ज्यांनी आश्रय दिला त्यांच्यापुढे मात्र मिंधे व्हावे, असे पुष्कळांचे होते. टिळकांचे तसे झाले नाही. परदेशी मिशनऱ्यांचे उपकार ते मानीत. परंतु ख्रिस्ती होण्यासाठी हिंदी मनुष्याने साहेब व्हावे हे त्यांस मान्य नव्हते. त्यांनी भजने मराठी चालींवर रचली, ख्रिस्ताचे कीर्तन केले आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते मोकळेपणाने सांगत. अखेर 1917 साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि सातारच्या मुक्कामी 'देवाचा दरबार' मांडला. तेथे बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या दोहोंस सारखेच स्थान होते. पोटास देणाऱ्यापुढे ज्याची मान ताठ राहिली, त्याने शिव्या देणाऱ्यापुढे ती लववली असेल, तर तिला लाचारी कोण म्हणेल?

तथापि एक आक्षेप आम्ही टाळू इच्छीत नाही, कारण तो खरा आहे. टिळकांजवळ खाली ठेवण्यासारखा अभिमान होता. नगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती मंडळी महार व मांग समाजांतून आली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांस गावाने खालीच ठेवले, त्यांस आणखी नम्र व्हा असा उपदेश करणे म्हणजे जुन्या अपमानास धर्माची मोहोर लावणे होय. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर गेले ते कोणाची दया मागण्यास नव्हे, पाण्यावरील हक्क बजावण्यास गेले. आणि ते योग्यच होते. ख्रिस्ताच्या चरित्रातही हाच क्रम दिसतो. शेवटच्या भोजनाच्या रात्री गुरूने उठून शिष्यांचे पाय धुतले. जो वर आहे त्याने प्रथम वाकावे, हा त्या नम्रतेचा अर्थ. टिळकांची नम्रता खरी ठरते ती ह्यामुळे की त्यांनी ती इतरांस उपदेशिण्याआधी उच्च कुळाचा अभिमान स्वतः उतरवून ठेवला.

ह्या नम्रतेचे फळ काय? समाजाने टिळकांची क्षमा कधी मागितली नाही. परंतु 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' म्हणून गौरविलेला त्र्यंबक बापूजी ठोमरे हा हिंदू मुलगा पुढे टिळकांच्या नगरच्या घरी घरच्यासारखा राहिला आणि हिंदूच राहिला. टिळक 1919 साली निवर्तले. 1934 पासून 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा ज्या घरांतून टिळकांचे नाव निषिद्ध होते, त्याच घरांतून लक्ष्मीबाईंचे पुस्तक आवडीने वाचले गेले. ज्या बाईस शाळा ठाऊक नव्हती, तिने एका कडू प्रकरणाची हकीकत द्वेषाचा एक शब्द न काढता लिहिली, हाही त्याच नम्रतेचा वारसा.

मात्र आपण सुशिक्षितांनी 'स्मृतिचित्रे' वाचून केवळ हसावे व डोळे पुसावे, हे पुरेसे नाही. टिळकांस वाळीत टाकणारे लोक दुर्जन नव्हते. ते आपल्या आजोबा-पणजोबांसारखे सभ्य, शिकलेले, देवभीरू गृहस्थ होते. अपमानिताने क्षमा केली म्हणून अपमान करणाऱ्याचे ऋण फिटत नाही. क्षमेने दार उघडे राहते, इतकेच. त्या दारातून आत जाऊन, आज आपण कोणास वाळीत टाकले आहे हे पाहण्याचे काम आपलेच आहे, आणि त्यासाठी लागणारी नम्रता दुसऱ्या कोणाकडून उसनी आणता येणार नाही.