बँकॉक ते चियांग माई

परवा नात म्हणाली, "आजी, आपल्या मुली आत्ता कुठे फुटबॉल खेळायला लागल्या ना?"

म्हटलं, अगं नाही! महिला फुटबॉलचा महासंघ १९७५ सालचा. १९८० साली कालिकतला आशियाई स्पर्धेत आपण उपविजेते होतो. १९८३ला बँकॉकमध्ये पुन्हा अंतिम सामना, थायलंडकडून हरलो. त्याच वर्षी शांती मलिकला अर्जुन पुरस्कार मिळाला, महिला फुटबॉलमधला पहिला.

आमच्या शाळेत तेव्हा फुटबॉल मुलांच्या कपाटात असे. मुलींना लंगडी, खो-खो. (किल्ली मीही कधी मागितली नाही.)

पुढे सामनेच होईनात. २००९ला तर फिफाच्या क्रमवारीतूनही नाव गेलं. २०२२ला आशियाई चषक आपल्या नवी मुंबईत आला. इराणशी ०-० बरोबरी झाली आणि कोरोनाने घात केला. दुसऱ्या सामन्याला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत, स्पर्धेतून बाहेर पडावं लागलं. फार हळहळले होते मी.

आणि ५ जुलै २०२५ला चियांग माईत, थायलंडच्याच भूमीवर, थायलंडला २-१ हरवून मुली आशियाई चषकासाठी पात्र ठरल्या. पात्रता फेरी जिंकून पहिल्यांदाच! दोन्ही गोल संगीता बासफोरचे.

नातीला ते गोल मोबाइलवर दाखवले. "आजी, परत लाव," म्हणाली.