राखलेल्या उबेचे भांडे

अमेरिकेतील स्वयंपाकघरांत ओट्यावर ठेवले जाणारे आणि ‘क्रॉक-पॉट’ या व्यापारी नावाने घरोघर पोचलेले विजेचे भांडे, म्हणजे ज्याला सामान्यतः ‘स्लो कुकर’ म्हणतात ते, त्या नावाने १९७१ साली बाजारात आले. परंतु त्याचे कूळ शोधू लागल्यास विजेच्या कितीतरी मागे, विस्तवाविषयीच्या एका धर्माज्ञेपाशी जाऊन थांबावे लागते. बायबलातील ‘निर्गम’ या ग्रंथाच्या ३५व्या अध्यायात, शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत चालणाऱ्या विश्रांतिकाळात, घरात विस्तव पेटवू नये असे यहुद्यांना बजावलेले आहे. हा विश्रांतिदिन पाळणारा समाज महाराष्ट्राला अनोळखी नाही, कारण कोकणात तेल गाळण्याचा धंदा करणारे मराठीभाषक बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवीत आणि त्यावरूनच शेजारच्या गावकऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव दिले होते.

विस्तव पेटवायचा नाही, तरी विश्रांतीच्या दिवशी कुटुंबाने गार अन्न का खावे, असा प्रश्न या आज्ञेतून उभा राहिला. इ. स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या यहुदी धर्मनियमांच्या संहितेत त्याचे उत्तर फार बारकाईने दिलेले आहे. शब्बाथ लागण्यापूर्वी चढवलेले गरम भांडे कशात गुंडाळून ठेवावे आणि कशात ठेवू नये, याला शब्बाथविषयक प्रकरणाचा चौथा अध्याय वाहिलेला आहे. तेलबियांची पेंड, शेणखत, मीठ, चुना आणि वाळू यांत भांडे पुरण्यास तेथे मनाई आहे. कपडे, धान्य, पारव्याची पिसे, सुताराच्या रंध्याखालचा भुसा आणि जवसाच्या वाखाचा विंचरलेला चुरा यांना मुभा आहे. पेंढा आणि गवत मात्र सुके असेल तरच चालते, ओले चालत नाही. हा भेद वरवर विचित्र वाटला तरी ज्याने ओल्या गवताची गंजी आतून तापलेली पाहिली आहे त्याला तो चटकन कळेल, कारण ओला पेंढा आणि शेणखत कुजताना स्वतः उष्णता निर्माण करतात, तर पिसे आणि कोरडा भुसा केवळ असलेली उष्णता बाहेर पडू देत नाहीत. नियमकर्त्यांनी पदार्थांचे दोन वर्ग पाडले, ऊब वाढवणारे आणि ऊब राखणारे. भौतिकशास्त्राने उष्णतेचा स्रोत आणि उष्णतारोधक अशी वाटणी करण्याच्या शतकानुशतके आधी ही वाटणी स्वयंपाकाच्या भांड्याभोवती झाली होती, आणि इंधन वाचवणाऱ्या पाकसाधनांचा सारा इतिहास याच दोन शब्दांच्या आधारे वाचता येतो.

गुंडाळून किंवा मंद निखाऱ्यावर रात्रभर ठेवलेल्या या अन्नाला हिब्रूत ‘हमीन’ म्हणतात. शब्दाचा अर्थ नुसता ‘गरम’ असा आहे. यहुदी समाज जेथे जेथे विखुरला तेथे तेथे त्याने नवे नाव धारण केले. स्पेनमध्ये ते ‘अदाफिना’ झाले, जे नाव ‘पुरलेली’ या अर्थाच्या अरबी शब्दावरून आले आहे. मराठीतील ‘दफन’ हा शब्द त्याच अरबी धातूतून आलेला असल्यामुळे निखाऱ्यांत पुरलेल्या त्या हंडीचे नाते मराठी वाचकाच्या कानाला सहज जाणवते. इराकमधील यहुद्यांच्या ‘तबीत’ या नावात रात्र काढण्याचा, मुक्काम करण्याचा अर्थ आहे, आणि एकोणिसाव्या शतकात मुंबई व कोलकाता येथे स्थायिक झालेल्या बगदादी यहुद्यांनी कोंबडी आणि तांदूळ यांचा हा रात्रभर शिजणारा प्रकार आपल्याबरोबर आणला. फ्रान्स व जर्मनीकडून पूर्व युरोपात गेलेल्या शाखेने ‘चोलंत’ हे नाव रूढ केले, ज्याचा उगम बहुधा ‘गरम’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दात आहे. घेवड्याचे दाणे, जव, बटाटे आणि मांस असे त्याचे रूप पुढे ठरून गेले.

या साध्या हंडीला धर्मवादात जे वजन आले ते ध्यानात घेण्याजोगे आहे. मौखिक परंपरा न मानणाऱ्या कराई पंथाने शब्बाथला आधीपासून पेटलेला विस्तवही निषिद्ध ठरवला, तेव्हा परंपरानिष्ठ यहुद्यांच्या दृष्टीने शनिवारी गरम जेवणे ही निष्ठेची खूण बनली, इतकी की बाराव्या शतकातील एका धर्मपंडिताने हमीन न खाणाऱ्याच्या श्रद्धेविषयीच संशय व्यक्त केला. स्पेनमध्ये याच खुणेने उलट काम केले. सक्तीने ख्रिस्ती झालेल्या कुटुंबाच्या घरी शुक्रवारी चढवलेली अदाफिना धर्मन्यायालयापुढे गुप्त यहुदीपणाचा पुरावा म्हणून मांडली गेली. भांड्यातून येणाऱ्या वासावर माणसांचे जीवित टांगले जावे, ही या कुळकथेतील सर्वांत वेदनादायक नोंद आहे.

पूर्व युरोपातील गावांत प्रत्येक घराला रात्रभर धग धरणारी भट्टी परवडत नसे, म्हणून शुक्रवारी दुपारी पाव भाजून झाल्यावर गावच्या भटारखान्याच्या विझत चाललेल्या भट्टीत घरोघरच्या हंड्या ठेवल्या जात आणि शनिवारी त्या परत नेल्या जात. महाराष्ट्रातील चुलीला मुख्य तोंडाशेजारी जो ‘वैल’ असतो, ज्यावर उरलेल्या धगीत आमटी किंवा दूध ठेवले जाते, त्याच्याशी या रीतीचे तत्त्व जुळते. फरक इतकाच की येथे वैल एका घराचा होता आणि तेथे साऱ्या गावाचा.

लिथुआनियातील अशा भटारखान्याची आठवण आयर्विंग नॅक्सन या अमेरिकी अभियंत्याच्या कुटुंबात मागच्या पिढीकडून सांगितली जात असे. नाखुमसोन या आडनावाने १९०२ साली जन्मलेल्या आणि पुढे ते आडनाव बदलून घेतलेल्या या यहुदी संशोधकाने १९३६ साली एका पाकयंत्राच्या एकस्वासाठी, म्हणजे पेटंटसाठी, अर्ज केला आणि १९४० साली ते त्याला मिळाले. त्याची कल्पना अशी होती की उष्णता केवळ तळाला न देता भांड्याच्या बाजूंनी वेढलेल्या तारांतून द्यावी, म्हणजे भटारखान्याच्या भट्टीप्रमाणे अन्न चोहोकडून सारखे तापेल आणि तळाशी लागणार नाही. ‘नॅक्सन बीनरी’ या नावाने ते विकले गेले, आणि नावातच घेवड्याचा उल्लेख असल्याने चोलंतशी असलेले नाते उघड राहिले. १९७०मध्ये कॅन्सस सिटीच्या ‘रायव्हल’ या कंपनीने नॅक्सनचा उद्योग विकत घेतला, भांड्याला नवे रूप आणि ‘क्रॉक-पॉट’ हे नाव दिले, आणि पुढील वर्षी ते शिकागोच्या प्रदर्शनात मांडले. नोकरीसाठी दिवसभर बाहेर असणाऱ्या स्त्रियांची वाढती संख्या आणि १९७३च्या तेलटंचाईने महागलेले इंधन या दोन कारणांनी त्याचा खप वेगाने वाढला.

यंत्राची रचना साधी आहे: जाड चिनी मातीचे भांडे, त्याला वेढणारी तार, आणि आतली वाफ निवून पुन्हा रसात उतरेल असे घट्ट झाकण. लहान आकाराच्या भांड्याला मंद आचेवर १०० वॉटच्या आतबाहेर वीज लागते. म्हणजे आठ तासांत ०.८ युनिट, एका विजेच्या ओव्हनने तीन तासांत खर्च केली असती त्यापेक्षा बरीच कमी. तथापि कमी वॉट म्हणजे नेहमीच कमी खर्च, असा समज करून घेणे योग्य नाही, कारण प्रेशर कुकर तीच डाळ अर्ध्या तासात शिजवून या भांड्यालाही मागे टाकतो. मंद भांड्याचा खरा लाभ चिवट मांसाच्या बाबतीत आहे, जेथे तंतूंना बांधणारे कोलॅजेन सावकाश विरघळण्यासाठी वेळच लागतो. राजम्याच्या बाबतीत तर सावधगिरी अनिवार्य आहे, कारण कच्च्या दाण्यातील विषारी द्रव्य मंद आचेत नष्ट होत नाही आणि ते दाणे आधी किमान दहा मिनिटे खळखळून उकळावे लागतात.

चोलंतच्या आठवणीतून जन्मलेले हे भांडे यहुदी घरांत शुक्रवारी चोलंतसाठीच वापरले जाऊ लागले, तेव्हा मिश्नाचा तो चौथा अध्याय पुन्हा उघडावा लागला. आतील मातीचे भांडे सर्व बाजूंनी तापणाऱ्या कवचात बसत असल्यामुळे ते ऊब वाढवणाऱ्या वस्तूत पुरल्यासारखेच आहे, असा आक्षेप काही धर्मपंडितांनी घेतला. त्यावर तोडगा म्हणून तळाशी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे गोळे ठेवून आतील भांडे थोडे वर उचलण्याची रीत निघाली, आणि अनेक घरांत शुक्रवारी सूर्य मावळण्यापूर्वी भांडे आजही तसेच उचलून ठेवले जाते.