थंडाव्याचे पाणी : केडगावच्या उन्हाळ्यातून संगणकाच्या इतिहासाकडे

केडगाव म्हटले की मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला पंडिता रमाबाई आणि त्यांचे मुक्ती मिशन आठवते. ते केडगाव पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातले. प्रस्तुत लेखात अभिप्रेत आहे ते नगरचे केडगाव : शहराच्या नैर्ऋत्येस पुणे रस्त्यावर वसलेले, रेणुकामातेच्या देवळामुळे पंचक्रोशीत ख्यात असलेले, आणि आता महापालिकेच्या हद्दीत सामावून उपनगर झालेले. शहराचे अधिकृत नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले असले तरी बोलण्यात ‘नगर’ कायम आहे आणि इथला उन्हाळाही तसाच आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, हवा कोरडी असते, आणि पाणी हा घरोघरचा विषय असतो.

अशा गावी पाण्याने थंड होणारा संगणक घरी जोडावयाचा म्हटले, तर त्याकडे काय म्हणून पाहावे? छंद म्हणून, चैन म्हणून, की कारागिरी म्हणून? आमच्या मते हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. यंत्रे, वस्तू आणि त्या घडवणारे हात यांचा इतिहास आपल्याकडे कसा लिहिला जातो व कसा लिहिला जात नाही, याच्याशी त्याचा थेट संबंध आहे.

१

प्रथम एक मूलभूत गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. उष्णता नाहीशी करता येत नाही; ती एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी नेऊन टाकावी लागते. थंडाव्याचा सारा इतिहास म्हणजे ही उष्णता कोणी, कशाच्या पाठीवर घालून, कोठे टाकली याचा इतिहास होय.

नगरला हा इतिहास नवा नाही. शहराच्या आग्नेयेस निजामशाहीतील फराहबाग उभा आहे. मुर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत, १५८३ च्या सुमारास पूर्ण झालेला हा महाल एका तलावाच्या मधोमध बांधला होता. जाड भिंती, उंच दालने आणि सभोवती पाणी. कोरडी हवा त्या पाण्यावरून येताना काही पाण्याची वाफ करी आणि त्या वाफेपायी स्वतः थंड होई. तत्त्व माठाचेच, फक्त माप सुलतानाचे. निजामशाहीतील महालांना, बागांना आणि हौदांना पाणी पुरवण्यासाठी कापूरवाडीसारख्या आसपासच्या गावांकडून जमिनीखालून खापरी नळ आणलेले होते. आज तलाव कोरडा आहे. नळांचे अवशेष तेवढे अधूनमधून उकरले जातात.

या वास्तूविषयी लिहिताना राजाचे नाव येते, वजिराचे येते. खापरी नळाचा उतार अचूक साधणाऱ्या, एका खापरात दुसरे खापर बसवून सांधा चुन्याने बंद करणाऱ्या कुंभाराचे व गवंड्याचे नाव येत नाही. पाणी गळू न देणे हे ज्याचे कौशल्य, त्याचे यश कोणाला दिसतच नाही. दिसते ते फक्त अपयश. पुढे येणाऱ्या विवेचनासाठी हा मुद्दा लक्षात ठेवावा, अशी वाचकांना विनंती आहे.

२

आधुनिक संगणकाच्या इतिहासात पाणी फार लवकर येते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’मध्ये सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. अशा यंत्रांची उष्णता वाहून नेण्याचे काम हवेवर सोपवलेले असे. मात्र त्याच दशकात आयबीएमच्या सर्वांत मोठ्या यंत्रांत पाणी खेळवणे सुरू झाले, आणि १९८० साली जाहीर झालेल्या ‘३०८१’ या यंत्रात ते थेट चिपांच्या गठ्ठ्यांवर बसवलेल्या झाकणांपर्यंत पोहोचले. सेमूर क्रे यांच्या ‘क्रे-१’ (१९७६) मध्ये फ्रेऑन वायूची शीतयोजना होती, तर ‘क्रे-२’ (१९८५) मध्ये सारे परिपथच वीजरोधक द्रवात बुडवून ठेवलेले होते.

भारताने १९८० च्या दशकात हवामानाच्या अंदाजासाठी क्रे यंत्र मागितले, तेव्हा अमेरिकेने मागितले त्याहून कमी क्षमतेचे यंत्र, तेही अटी घालून दिले. त्याच वातावरणात १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ सिद्ध झाला. एकच अतिवेगवान आणि म्हणून अतितप्त प्रक्रियक बनवण्याऐवजी अनेक साधे प्रक्रियक एकत्र जुंपायचे, ही त्यामागची दृष्टी होती. पुढे पुण्यातच, आयसर या संस्थेत २०१९ साली ‘परम ब्रह्म’ उभा राहिला, तेव्हा त्याच्या थंडाव्यासाठी मात्र पाणी थेट प्रक्रियकापर्यंत नेण्याची पद्धत योजण्यात आली.

हा झाला संस्थांचा इतिहास. तो यथायोग्य नोंदला गेला आहे आणि त्याचा अभिमानही रास्त आहे. पण त्याच्या शेजारून दुसरा एक इतिहास वाहत होता.

३

१९९० च्या दशकात महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत जे संगणक आले, त्यांतील पुष्कळसे ‘असेंबल्ड’ होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे आणि गावातल्या एखाद्या जाणत्या मुलाकडून ते जोडून घ्यायचे, हा रिवाज जिल्ह्याजिल्ह्यांत रूढ झाला. या व्यवहाराने एक भाषाही घडवली. पत्र्याच्या पेटीला ‘कॅबिनेट’ म्हणायचे. आणि तिच्यासकट आतल्या सगळ्याला ‘सीपीयू’. वस्तुतः सीपीयू ही आतली एक लहानशी चकती. अंशाचे नाव पूर्णाला देण्याची ही लक्षणा लोकांनी सहज केली आणि ती चुकीची आहे असे व्याकरणाच्या कोणत्याही शिक्षकाला म्हणता येणार नाही.

१९९८ साली इंटेलचा ‘सेलेरॉन ३०० ए’ हा स्वस्त प्रक्रियक बाजारात आला. ३०० मेगाहर्ट्‌झचा हा प्रक्रियक ४५० वर चालतो, हे जगभरच्या खटपट्या मंडळींच्या ध्यानात आले. वेग वाढवला की उष्णता वाढे; उष्णता वाढली की पंखा अपुरा पडे. मग मोटारीच्या हीटरमधला लहान रॅडिएटर, माशांच्या टाकीचा पंप आणि लेथवर कोरून घेतलेला तांब्याचा ठोकळा एकत्र आले. त्याच वर्षी ॲपलने अर्धपारदर्शक निळा ‘आयमॅक’ आणला आणि संगणकाची पेटी पिवळट-करडीच असली पाहिजे, हा समज मोडला. पेटी कापणे, तिला खिडकी बसवणे, तिला रंग देणे यांना एकाएकी अर्थ प्राप्त झाला.

मोठ्या कंपन्याही लवकरच त्याच भिंतीला येऊन टेकल्या. २००४ साली इंटेलने ‘तेजस’ या नावाचा आगामी प्रक्रियक रद्द केला. उष्णता हे त्याचे एक प्रमुख कारण होते. त्याच वर्षी ॲपलने ‘पॉवर मॅक जी-५’ च्या सर्वांत वेगवान प्रकारात द्रवशीतन बसवले. घरच्या टेबलावर करवत-कानस घेऊन बसलेल्यांनी ती वाट आधीच चोखाळली होती.

४

आता केडगावातल्या एखाद्या खोलीत असे यंत्र जोडावयाचे झाले, तर काय काय करावे लागेल ते पाहू. कारण कारागिरीचे मूल्य तिच्या तपशिलातच असते.

सर्किट असे : तांब्याचा पोकळ ठोकळा प्रक्रियकावर घट्ट बसतो, मधे उष्णतावाहक लेपाचा पातळ थर. पंप पाणी ठोकळ्यातून ढकलतो, तापलेले पाणी रॅडिएटरमध्ये जाते, पंखे त्यावरून हवा फेकतात, आणि पाणी टाकीतून पुन्हा पंपाकडे येते. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल, तर दर सत्तर वॅटमागे ते जेमतेम एक अंश तापते. म्हणजे अडीचशे वॅट उष्णता उचलूनही पाणी साडेतीन अंशांनीच वर जाते. पंप टाकीच्या खाली असावा लागतो, कारण कोरडा चालला तर तो लवकरच निकामी होतो.

पेटीचे काम याहून जिकिरीचे. आधी आतले सारे भाग बाहेर काढायचे, कारण पत्र्याचा एक कीस मदरबोर्डावर राहिला तरी शॉर्ट सर्किट होऊ शकते. रिव्हेट ड्रिलने उडवून डिस्कांचा पिंजरा काढायचा, म्हणजे रॅडिएटरला जागा होते. कागदावर आराखडा काढून तो पत्र्यावर चिकटवायचा, कडेने मास्किंग टेप लावायची, भोके पाडून मग करवत चालवायची, आणि कडा कानशीने घासून त्यांवर रबराची पट्टी चढवायची, नाहीतर नळी तिथेच कापली जाते.

याला लागणारे हात नगरात नवे नाहीत. ‘लुना’ बनवणाऱ्या कायनेटिक इंजिनिअरिंगचा कारखाना याच शहरात उभा राहिला. लेथ, पत्राकाम आणि रंगकाम जाणणाऱ्या पिढ्या इथल्या कारखान्यांत व गॅरेजांत तयार झाल्या. ट्रकच्या रॅडिएटरला डाग देणाऱ्याला गळती कशी शोधावी हे शिकवावे लागत नाही. कूलरचा बुडता पंप प्रत्येक बाजारपेठेत मिळतो. तो नाजूक कामाला ओबडधोबड ठरतो, पण तत्त्व समजावून घ्यायला पुरेसा आहे.

धोक्याच्या जागा ठरलेल्या आहेत. बोअरचे जड पाणी घातले तर ठोकळ्यातल्या सूक्ष्म खाचांत क्षार बसतात. म्हणून ऊर्ध्वपातित पाणीच घ्यावे लागते. तांब्याचा ठोकळा आणि ॲल्युमिनियमचा रॅडिएटर एकाच पाण्यात जोडले की त्यांचा विद्युत्‌घट बनतो आणि ॲल्युमिनियम झिजत जाते. शेवाळ धरू नये म्हणून जंतुनाशक द्रव्य घालावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे : संगणकाला वीज न देता केवळ पंप चालवून, प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद ठेवून चोवीस तास पाहत राहावे लागते. खापरी नळाच्या गवंड्याची परीक्षाही याहून वेगळी नसावी.

५

इथे एक भ्रम दूर केला पाहिजे. असे यंत्र खोलीतल्या हवेहून थंड होऊ शकत नाही. बाहेर चाळीस अंश असतील, तर फिरणारे पाणी चाळिसाच्या वरच राहणार. पाण्याचा लाभ इतकाच, की तेवढ्याशा चकतीतून उष्णता चटकन उचलली जाते आणि मोठ्या पृष्ठभागावर सावकाश सोडता येते. पंखे हळू फिरतात, आवाज कमी होतो. टाकीत बर्फ घालण्याचा मोह अनेकांना होतो. पावसाळ्याच्या दमट हवेत तसे केले, तर थंड नळ्यांवर बाहेरून दव धरते आणि न गळणारे यंत्रही भिजून बंद पडते.

माठ आणि फराहबाग मात्र हवेहून थंड होऊ शकतात, कारण ते पाणी खर्ची घालतात. अडीचशे वॅट उष्णता दहा तास केवळ बाष्पीभवनाने काढायची, तर सुमारे पावणेचार लिटर पाणी हवेत जाते. बंद नळीतले लिटरभर पाणी मात्र महिनोन्‌महिने तेच राहते. चंगळ वाटणारे हे यंत्र पाण्याच्या हिशेबात कूलरहून काटकसरी आहे, हे दुष्काळ पाहिलेल्या जिल्ह्याने तरी नोंदवून ठेवावे. आज जगभर जी विशाल विदाकेंद्रे उभी राहत आहेत, त्यांतील अनेक आपली उष्णता शेवटी पाण्याची वाफ करूनच टाकतात. तेव्हा ‘पाण्याने थंड केलेले’ एवढे विशेषण पुरेसे नाही. पाणी फिरते की जाते, आणि जात असेल तर कोणाच्या वाट्याचे जाते, हा प्रश्न विचारल्याखेरीज ते विशेषण अपुरेच राहते. फराहबागेच्या तलावालाही तो विचारायला हवा होता.

६

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ने (१९१५) सुतार, लोहार, कुंभार यांना मराठी गद्यात जागा दिली. तो ग्रंथ आज आपण समाजशास्त्र म्हणून वाचतो, इतिहास म्हणून वाचतो आणि भाषेसाठीही वाचतो. त्यानंतरच्या शतकात आपल्या गावांनी मोटार-वायंडर पाहिला, रेडिओ दुरुस्त करणारा पाहिला, संगणक जोडणारा पाहिला. यांतील फार थोड्यांची नोंद कोणी केली. ‘परम’चा इतिहास लिहिला गेला, कारण त्याच्यामागे संस्था होती, कागद होते, उद्घाटने होती. तालुक्याच्या बाजारपेठेतल्या दुकानात वरच्या माळ्यावर बसून जोडलेल्या हजारो यंत्रांमागे यांपैकी काहीच नव्हते. ती यंत्रे भंगारात गेली आणि त्यांच्याबरोबर ती जोडण्याची युक्तीही गेली.

आम्हांस असे वाटते, की साहित्याच्या अभ्यासकांनी हे काम इतरांचे म्हणून सोडून देऊ नये. ‘डाग देणे’, ‘कानस मारणे’, ‘हवा काढणे’ हे शब्दप्रयोग कारागिरांच्या तोंडी आहेत तोवरच जिवंत आहेत. बंद नळीत अडकलेला बुडबुडा पेटी तिरकी करून कसा बाहेर काढावा, हे ज्याला सांगता येते त्याच्याकडे नेमके, मोजके मराठी गद्य असते. ते ऐकून उतरवणारा कोणी हवा. बोलींचे आणि जात्यावरच्या ओव्यांचे संकलन करायला निघणाऱ्या विद्यार्थ्यांनी वाटेत एखाद्या रॅडिएटरवाल्याच्या, एखाद्या संगणक जोडणाऱ्याच्या दुकानातही थांबावे. त्यांच्या वहीत जे उतरेल ते आजचे तंत्र असेल, उद्याचा इतिहास असेल. आणि खापरी नळ बसवणाऱ्याचे नाव जसे हरवले, तसे निदान या पिढीचे हरवणार नाही.